बाळाची पाठ

चौऱ्याहत्तरचा डिसेंबर. राजारामपुरीच्या बसथांब्यावर माझ्यापुढं गणपती करणारे एक म्हातारे कुंभार आणि बुटाचा खोका धरलेल्या एक बाई बोलत उभ्या होत्या.

“अप्पा, माझ्या पोरींनी तुम्ही दिलेल्या शाडूच्या चांदण्या केल्या. एक बी चिरली न्हाई बघा.”

“सावलीत वाळवल्या न्हवं? मग कशाला चिरत्यात. आन् मी केल्यालं बाळ?”

“हे काय, कापसात ठेवलंय. नाताळला गव्हाणीत निजवणार.”

“आन् पाण्यात कवा सोडता?”

“आमच्यात पाण्यात सोडत न्हाईत, अप्पा.”

“मग नाताळ झाल्यावर काय करता?”

“परत कापसात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचं. फुडल्या वर्षी काढायचं. पोरींच्या पोरी बी ह्येच मांडतील की.”

“म्हंजे हे ऱ्हाणार?”

“ऱ्हाणार की.”

“चाळीस वर्सं गणपती करतोय, बाई. माझ्या हातचं एक बी कुणाच्या घरात ऱ्हायलं न्हाय.”

“बस आली, अप्पा. चढा.”

“तुमी जावा. त्येवढं बाळ द्या हिकडं.”

“का वो?”

“त्येची पाठ रंगवायची ऱ्हायलीय. पाण्यात जाणार म्हणून तशीच सोडलीती मी.”