यमुताईंनी मोडलेल्या नूडल्स

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. आधी एक प्रश्न. माया ओळखायची कशी? सगळ्यांच्या पानात सारखं वाढते ती माया खरी, की प्रत्येकाच्या पानात त्याचं त्याचं वाढते ती?

सारखं? कोण म्हणालं सारखं? — मानेकाका! मग तुमच्या मधुमेहाच्या पानात काकूंनी सगळ्यांसारखी जिलबी वाढली तर चालेल? चालेल म्हणतात! काकू, ऐकलंत ना?

म्हणजे प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आणि अवघड प्रश्नाचं उत्तर कोरडं देऊ नये, गोष्टीत घोळवून द्यावं. ऐका तर!

पुण्याच्या पुढे, रांजणगावच्या अंगाला, कारखान्यांच्या वस्तीत यमुताई शेलारांची खानावळ होती. तिथं तीन परदेशी पोरं जेवायला यायची. चीनचा लियांग, जपानचा मोरिता, कोरियाचा दोह्यून. कारखाने वेगळे, देश वेगळे — पण यमुताईंच्या लेखी तिघं मिळून एकच. चायनीज!

पहिल्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून मंचुरियन मागवलं. "खा रे पोरांनो, तुमच्या गावचं!" लियांगनं एक गोळा चावला आणि मोरिताला विचारलं, "हे तुमच्याकडचं?" मोरितानं दोह्यूनकडे पाहिलं. दोह्यून म्हणाला, "मला वाटलं, मराठी पदार्थ आहे!"

हसताय काय? दिल्लीत तुम्हाला कुणी 'मद्रासी' म्हटलं की कसे लाल होता, मला ठाऊक आहे!

बरं, तिघांच्या जेवणाची तऱ्हा पाहा. मोरिता भाताची वाटी हातात उचलणार, तोंडाजवळ नेणार. दोह्यूनची वाटी टेबलावर, हातात चमचा. दोह्यूनच्या घरचं वळण असं, की वाटी उचलून खातो तो भिकारी! मोरिताच्या घरचं वळण असं, की वाटीकडे वाकून खातो तो कुत्रा! आता हे दोघं समोरासमोर बसलेले. एक मनात म्हणतोय 'भिकारी', दुसरा म्हणतोय 'कुत्रा' — आणि वरून दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करतायत! असं फक्त जपान-कोरियातच होतं का हो? आपल्या व्याही-भोजनात काय होतं?

आणि लियांग? तो शेवटचे दोन घास पानात ठेवायचा. पान चाटून पुसून टाकलं, तर यजमानिणीनं कमी वाढलं असा अर्थ होईल, ही त्याच्या आजीची शिकवण. यमुताईंचा जीव तुटायचा. "अन्न टाकतो मेला!" मोरिता शीत न् शीत संपवायचा, म्हणून त्यालाच पुन्हा वाढायच्या. नको म्हणणं त्या बिचाऱ्याला जमेना. महिन्याभरात पट्टा दोन भोकं पुढे!

भाषेचं विचाराल, तर मोरिता आणि लियांग एकमेकांच्या पाट्या निम्म्याअर्ध्या वाचायचे, पण बोललेलं ओ की ठो कळायचं नाही. दोह्यूनची तर अक्षरंच निराळी. आपसांत मोडकं इंग्रजी. मोरिता पुण्यात मराठी शिकलेला, तोही पुस्तकातून — "मावशी, कृपया मला किंचित आमटी देण्याची कृपा करावी." यमुताई म्हणायच्या, "अरे, आमटी मागतोस की कर्ज?"

एक दिवस लियांग मोरिताला मध्ये घालून म्हणाला, "उद्या माझ्या आजीला ऐंशीवं लागतं. मावशी, मला लांब नूडल्स करून द्याल?" पुडा त्यानं स्वतःच आणलेला. आईबाप दूरच्या शहरात नोकरीला, त्यामुळे आजीनंच त्याला वाढवलेलं. रजा मिळाली नव्हती. ठरलं असं, की तिकडे ती खाईल, इकडे हा खाईल, मध्ये व्हिडिओ फोन. त्यांच्याकडे वाढदिवसाला नूडल्स खातात. जितक्या लांब, तितकं आयुष्य. तोडायच्या नाहीत, कापायच्या नाहीत!

हे शेवटचं वाक्य कुणी यमुताईंना सांगितलं? कुणीच नाही! लियांगला वाटलं, हे जगाला माहीत असतं. आणि यमुताईंनी काय केलं? माउल्यांनो, तुम्ही काय केलं असतं? शेवयांची खीर करताना काय करता? — बरोबर! पुडा उघडला, मुठीत धरला आणि कडाकडा मोडला! पातेल्यात मावायला नकोत? पोराला खायला सोपं नको?

फोन लागला. तिकडे आजी, नवा कोट घालून बसलेली. इकडे लियांगनं जेवायच्या काड्या वाटीत घातल्या, वर उचलल्या — बोटभर तुकडे. पुन्हा उचलल्या. तुकडेच! आजीची नजर त्या तुकड्यांवर गेली. मग हसून म्हणाली, "खा रे." त्यानं काड्या खाली ठेवल्या.

आणि त्याच आठवड्यात आजी न्हाणीघरात घसरून पडली. कंबरेचं हाड मोडलं.

लियांग खानावळीत यायचा बंद झाला. खोलीत बिस्किटं खायचा. शिकलेला मुलगा, मोठाली यंत्रं चालवणारा! पण मंडळी, आपलं माणूस खाटेला खिळलं की शिकलेलं सगळं उंबऱ्याबाहेर जाऊन बसतं.

मोरिता समजूत घालायला गेला. "आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री नूडल्स खातात, त्या पटकन तुटतात म्हणूनच खातात. जुनं दुःख तुटतं! तुटणं शुभ असतं." लियांग ओरडला, "तुझ्या आजीच्या तुटू देत!" सांत्वनालाही गाव पाहावं लागतं हो!

यमुताई रोज विचारत, "लियांग का येत नाही?" मोरिता म्हणे, "मावशी, ते थोडं... अवघड आहे." शेवटी दोह्यूननं मोडक्या मराठीत घाव घातला. "तुम्ही नूडल्स मोडल्या. म्हणून आजी पडली, असं त्याला वाटतं. आमच्याकडेही लग्नात लांब नूडल्स वाढतात. मोडायच्या नसतात."

यमुताईंनी हातातली पळी खाली ठेवली. "अरे, मग बोलायचं नाही का!"

"तुम्ही विचारलं नाही, मावशी."

गेल्या वर्षापर्यंत या जागी माझे वडील, अण्णा, कीर्तनाला उभे राहायचे. ते इथं एक पद म्हणाले असते. मी नुसती पुढे जाते.

यमुताईंनी रवा भिजवला, कुटला, तेलाचा हात लावला आणि हातशेवई ओढायला घेतली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं मोरिताच्या. दोह्यून मधोमध उभा, शेवई हातांवर तोलून धरून. मोरिता मागे सरकतोय, शेवई लांबतेय. अंगणाच्या पार टोकाला गेली! मध्येच एकदा तुटली, तर मोरिता शेवईला म्हणतो, "क्षमा असावी!"

पातेलं घेऊन, मोरिताला दुभाष्या म्हणून सोबत घेऊन यमुताई लियांगच्या दारात उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "आता नको. आता काय उपयोग?"

"लांब खाल्लं म्हणून कुणी जगत नाही आणि तुटलं म्हणून कुणी मरत नाही. पण तू उपाशी आहेस हे तिला कळलं, तर ती झुरेल. लाव फोन!"

आजी दवाखान्यात, उशीला टेकलेली. पहिला प्रश्न काय केला असेल? "जेवलास का?" चीनमध्येही माया तिथूनच सुरू होते! लियांगनं शेवई उचलली. उचलतोय, उचलतोय, उभा राहिला, तरी टोक पातेल्यातच. आजीची नजर शेवईबरोबर वर वर गेली. मग यमुताईंकडे बोट करून काहीतरी बोलली.

"काय म्हणतात रे?"

लियांग मान खाली घालून म्हणाला, "म्हणते, या बाईनं दोन्ही वेळा तुझ्यासाठीच केलं. तिच्या पानावर रुसलास? माझा हात पोचत नाही, तिला म्हणावं, कान पिळ."

यमुताईंनी खरंच पिळला! तिकडे आजी कंबर धरून हसली. आणि लियांग जेवला.

आता तुम्ही विचाराल, आजी बरी झाली ना? झाली म्हणून सांगितलं, तर टाळ्या पडतील, मला ठाऊक आहे. पण देव असा ऐकत असता, तर इथल्या कितीजणांनी गावाला वेढा पडेल एवढ्या शेवया वळल्या असत्या. आजी दिवाळीच्या सुमारास गेली. या वेळी रजा मिळाली, नातू उशाशी होता, एवढं खरं.

लियांग परत आला. जेवायला बसला. मोरितानं सरकून जागा केली, दोह्यूननं पाणी ओतलं. यमुताई पळी हातात घेऊन उभ्या. चीनमध्ये दुःखात काय खातात? गोड चालतं का? भात चालतो का? पण या वेळी त्यांनी अंदाज केला नाही. वाकून विचारलं, "बाळा, काय वाढू?"

त्यानं दोघांच्या ताटांकडे पाहिलं. म्हणाला, "आज सगळ्यांसारखंच वाढा, मावशी. मला यांच्यात बसायचंय."

मंडळी, सारखं की वेगळं, हे वाढणाऱ्यानं ठरवायचंच नसतं. तुमच्या घरात विदर्भातली सून येऊन किती वर्षं झाली? तिच्या आईच्या हातचं काय तिला आठवतं, विचारलंत? वडील ताटात दोन घास ठेवून उठतात, तेव्हा "अन्न टाकता" म्हणता, की जात का नाही, ते विचारता? विचारा हो. उत्तर देणारं माणूस समोर बसलेलं आहे, तोवर विचारा.

चला, बाहेर पानं मांडली आहेत. वाढप्यांनो, पळी घालण्याआधी जरा थांबा. आणि मानेकाका, जिलबीचं काकूंना विचारून!