साहेबांचा ताण

हलू नका सिस्टर, कापूस चिकटलाय — हां, आता निघाला. चार टाके तर पडलेत, त्यात काय एवढं, कपाळाला मिशी फुटली म्हणायचं. हसा की जरा. धाकट्या साहेबांनी तुम्हाला फुलदाणीच मारली, मागल्या आठवड्यात ड्रायव्हरचा काठीनं जबडा मोडला — आणि बाईसाहेब काय म्हणाल्या? त्याला जरा ताण आलाय. ताण! अहो, माझ्या पोरालाही साहेबांसारखेच कानात आवाज येतात, तोही असाच भिंतीशी भांडतो, पण त्याला मेल्याला ताण येत नाही, त्याला वेडच लागतं. त्यानं आईच्या पाठीत सळई घातली, तर वस्तीनं खांबाला बांधून पाइपानं असा झोडला, असा झोडला, की दोन दात तिथंच मातीत राहिले. मी सोडवायला गेलो, एक मलाही बसला — म्हातारा म्हणून बेतानं मारला हो, माणसं चांगली आहेत.

आता ना? आता बरा आहे. परवा स्वतः आईच्या पाठीला तेल चोळलं. म्हणाला, बाबा, भिंत गप्प झाली. कशानं म्हणजे? औषधानं. सरकारी दवाखान्यातलं कुठलं! तिथं खिडकीतली बाई म्हणते, गोळ्या संपल्या, पुढच्या महिन्यात या. मग पोराला काय सांगू, थांब रे बाबा, आईला पुढच्या महिन्यात मार? नाही, आमची दुसरी सोय आहे. इथलीच. इथलीच म्हणजे... अहो, साहेबांच्या गोळ्यांची वाटी तुम्ही भरता, जिना मी चढतो — तुमचे गुडघे दुखतात ना — आणि मधल्या वळणावर कोण बघतंय? पेपरमिंटही पांढरंच असतं, तेवढंच —

असं काय बघता?

टाक्यांना हात लावू नका, रक्त येतंय. साहेब तर सांगतच होते, गोळी गोड लागते, गोड लागते. तुम्हीच म्हणालात, काहीही बरळतात. मी म्हटलं, गेलं, मेलो आता — पण वेड्याचं कोण ऐकतंय, बंगल्यातला असला तरी.

बरं. सांगा जाऊन. हाकलतील, चामडी लोळवतील, कबूल. पण सकाळची गोळी गेली पोराच्या पोटात, ती काही आता परत मिळायची नाही. उठा. पुढून नको — मागच्या दारानं जा. पायांत चपला घालू नका, वाजतात. साहेब जिना उतरतायत.