माझा बालवाडीतला पहिला आठवडा

...आणि वर बालवाडीच्या बाई मलाच म्हणतात, 'तुम्ही जरा धीर धरा!' मी? मी धीर धरू? अहो, वीतभर उंचीच्या खुर्चीवर चाळिशीतला माणूस तीन तास बसवून बघा एकदा, मग सांगा धीर कशाला म्हणतात ते! गुडघे कानापाशी येतात हो! उठायला गेलं की खुर्ची बरोबर उठते! आणि समोर वीस पोरं टक लावून बघत असतात, की हा एवढा मोठा मुलगा कुठून आला आपल्या वर्गात!

नाही, थांबा, पहिल्यापासून सांगतो. मुलीला बालवाडीत घातली. साडेतीन वर्षांची आहे. मी टेलर, दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि बायको सिटी बस चालवते, हो, चालवते, कंडक्टर नाही, ड्रायव्हर, सकाळी सहाला तिची ड्युटी सुरू. म्हणजे पोरगी दिवसभर कुणाकडे? माझ्याकडे! साडेतीन वर्षं माझ्या कापायच्या टेबलाखाली तिचा संसार. खडू खाल्ले हिने. बटणं नाकात घातली, एकदा तर डॉक्टरांनी चिमट्यानं काढलं, वर मला विचारतात, 'जोडीचं बटण कुठाय?' गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की ही खालून टेप ओढणार आणि ओरडून सांगणार, 'बाबा, काकांचं पोट सातशे!' आता काकांनी परत यायचं का माझ्याकडे? तुम्हीच सांगा! रोज, अगदी रोज म्हणायचो मी, की हिला एकदा शाळेत घातली की मी सुटलो. घातली. सुटलो. मला काय, मी खूशच आहे!

तर त्या बालवाडीचा एक नियम. बाईंनी सगळ्या पालकांना गोल बसवलं आणि अगदी गोड आवाजात, म्हणजे आम्हीच साडेतीन वर्षांचे आहोत अशा आवाजात सांगितलं, 'पहिल्या दिवशी हं, पालकांनी वर्गात बसायचं. दुसऱ्या दिवशी दाराशी. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात. चौथ्या दिवशी गेटपाशी. आणि पाचव्या दिवशी सोडायचं नि सरळ घरी जायचं. मूल रडेल. रडू दे. मागे वळून बघायचं नाही. बारा वाजता न्यायला यायचं. समजलं?' आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण तर 'हो बाई' म्हणाला.

घरी बायकोचं वेगळंच. 'अहो, तुम्ही रडायचं नाही हं. एकदम ब्रेक मारला की मागचे सगळे तोंडावर पडतात, हळूहळू दाबायचा असतो. बाई सांगतात ते बरोबर आहे. पोरीला कळता कामा नये की तुमच्या पोटात गोळा आलाय.' म्हटलं, माझ्या पोटात? माझ्या पोटात कशाला गोळा येईल? मी कधीपासून वाट बघतोय या दिवसाची! ती म्हणाली, 'मग गणवेश कुणाच्या मापाचा शिवलाय हा?' आता गणवेश शिवताना शिवणीत थोडं जादा कापड सोडावंच लागतं, वाढतं अंग आहे, पुढे उसवून मोठा करता येतो. मी जरा जास्त सोडलं. म्हणजे चौथीपर्यंत जाईल एवढं सोडलं. घातल्यावर पोरीचे हात दिसेनात. ते मी परत उसवलं, परत शिवलं. तीनदा. वीस वर्षं धंद्यात आहे मी, आणि तीन वेळा माप चुकलं माझं.

सोमवार उजाडला. मी त्या खुर्चीत. खिशात दोन रुमाल, एक तिच्यासाठी, एक... असू दे. एक मुलगा असा रडत होता, असा रडत होता, की शेजारच्या गल्लीतलं कुत्रं त्याला साथ देत होतं. त्याची आई रडत होती. तिच्याकडे बघून दुसरी आई रडायला लागली. आणि आमची? आमची कन्या आत शिरली, चप्पल काढली, सरळ मातीच्या गोळ्यांपाशी जाऊन बसली, आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्याकडे बघून काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'बाबा, तू तिकडे सरक. तुझ्यामुळे मला फळा दिसत नाही.'

सरकलो. काय करणार? चांगलंच आहे की, रमली पोरगी. मला काय, मी खूशच आहे!

मंगळवारी दाराशी. दाराशी बसून बसून करायचं काय? एका पोराच्या दप्तराची चेन अडकली होती, म्हटलं आण इकडे, दिली सोडवून. झालं! तिथून चुकलं बघा माझं. पोरं रांगेनं यायला लागली. 'काका, माझं बटण.' 'काका, माझी नाडी.' एकानं तर चांगलं शिवलेलं बटण माझ्यासमोर ओढून तोडलं आणि म्हणाला, 'काका, माझंपण!' ते बघून तिथल्या मावशी, म्हणजे पोरांना हात धुवायला नेतात त्या, त्या हळूच एक पडदा घेऊन आल्या. 'एवढी कड तेवढी मारून द्याल का हो?' बुधवारी व्हरांड्यात माझं रीतसर दुकान. दोन पडदे, सहा उशा, आणि पोट फुटलेलं एक अस्वल. आणि घरी माझ्या खऱ्या दुकानात वकीलसाहेबांचा काळा कोट कापून पडलेला! शुक्रवारी कोर्टात उभं राहायचंय त्यांना तो घालून!

बाईंनी बघितलं ते सगळं. बुधवारी सुटताना जवळ आल्या, म्हणाल्या, 'तुमची मुलगी छान रुळली आहे हं. उद्यापासून तुम्ही नाही थांबलात तरी चालेल.' मी म्हटलं, 'छे छे बाई, नियम म्हणजे नियम! गेटाचा दिवस राहिलाय माझा!' त्यांनी माझ्या हातातल्या अस्वलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, 'तुम्ही असं करा, तुमची एखादी वस्तू तिच्याजवळ ठेवा. आठवण आली की हात लावेल. धीर येतो.' आता हे त्या कुणासाठी म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही.

मी मनावर घेतलं. गणवेशाला आतून एक चोरखिसा शिवला आणि त्यात माझं अंगुस्तान ठेवलं. सुई टोचू नये म्हणून बोटात टोपी घालतो ना आम्ही, ते. माझ्या गुरूंनी दिलेलं. गुरुवारी तीन तास मी गेटाबाहेर उभा, आणि सबंध वेळ मनात एकच, आता हात लावला असेल, आता लावला असेल. बारा वाजता बाहेर आली. चोरखिसा रिकामा! म्हटलं, 'अगं, अंगुस्तान कुठाय?' म्हणाली, 'त्या रडणाऱ्या मुलाला दिलं. त्याला पाहिजे होतं.' म्हटलं, 'आणि तुला?' तर म्हणते, 'मला नाही लागलं.'

मला नाही लागलं! अहो, वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मुलगी एवढी शहाणी निघाली याचा आनंद व्हायला पाहिजे होता, तो पण झाला, पण वाईट आधी वाटलं. ती पुढे उड्या मारत, मागे मी दप्तर घेऊन. मला काय... खूशच आहे मी. असायलाच पाहिजे ना?

शुक्रवारी सोडली. वळून बघितलं नाही. म्हणजे मी नाही बघितलं, तिनं तर नाहीच नाही. सरळ घरी आलो, मशीनवर बसलो. वकीलसाहेब दहाला येणार. दोनच बाह्या लावायच्या राहिल्या होत्या, तासाभराचं काम. आणि तुम्हाला सांगतो, एवढी शांतता! मशीनचा आवाज एवढा मोठा आहे हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. दोनदा म्हणालो, 'हात काढ खालून, सुई लागेल.' कुणाला? खाली कोण होतं? एकदा खडूचा डबा उचलून वर ठेवला, खाईल म्हणून. कोण खाणार? मी?

दहाला साहेब आले. कोट चढवला. डावा हात गेला. उजवा हात घातला आणि तो असा... असा पाठीमागे वळून राहिला, जणू कुणी पोलिसानं धरलाय. साहेब आरशात बघतायत, मी बघतोय. साहेब अगदी कोर्टातल्या आवाजात म्हणाले, 'हा हात नेमका कुणाचा?' दोन्ही बाह्या डाव्या! मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या! हातात कात्री धरल्यापासून कधी झालं नव्हतं! शिकाऊ पोरसुद्धा करत नाही ही चूक! मी बाही उसवायला कात्री शोधतोय, तर साहेबच कोट काढत म्हणाले, 'मुलगी कुठाय आज?' म्हटलं, 'शाळेत.' ते म्हणाले, 'अच्छा.' बास, एवढंच. जुनाच कोट घालून गेले बिचारे कोर्टात.

आता उजवी बाही नव्यानं कापायची तर काळा दोरा लागणार, म्हणून मी दोरा आणायला बाहेर पडलो. दोऱ्याचं दुकान डावीकडे. मी उजवीकडे कसा वळलो ते मला विचारू नका. गेटापर्यंत जाणार नव्हतोच, नुसतं कोपऱ्यावरून... तर तेवढ्यात मागून बस आली. आली आणि थांबली. बरोबर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. तिथे स्टॉपच नाहीये! कधीच नव्हता! कंडक्टर दोन-दोन घंट्या मारतोय, 'ताई, चला! ताई, काय झालं?' एक आजोबा स्टॉप आला समजून उतरले आणि 'हे कुठलं आलं?' म्हणून मलाच विचारायला लागले. आणि वर ड्रायव्हरच्या सीटवर आमच्या बाईसाहेब, अर्ध्या उठून भिंतीपलीकडे मान लांब करून बघतायत!

मी दिसलो. 'तुम्ही इथे काय करताय?' 'दोरा आणायला आलो. तू?' 'इंजिन गरम झालंय.' चांगलं थंडगार होतं इंजिन! मला एक सेकंद असं बरं वाटलं म्हणून सांगू... मी एकटाच नव्हतो!

आत अंगणात पोरं खेळत होती. आमचीनं वर बघितलं, 'आईची बस!' म्हणून ओरडली, हात हलवला. एकदाच. आणि गेली घसरगुंडीवर. बायको तशीच, हात वर धरून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'चढा. तुम्ही इथून एकटे हलायचे नाही.' आजोबांना हात देऊन आधी वर चढवलं, मग मी चढलो.

पुढच्याच सीटवर बसलो. ती रस्त्याकडे बघत बोलत होती. 'सोमवारपासून रोज इथून सावकाश जातेय मी. डेपोत विचारतात, दहा मिनिटं उशीर कुठे होतो. सांगितलं, रस्ता खराब आहे.' मी म्हटलं, 'आणि मला ब्रेक शिकवत होतीस?' तिनं गिअर बदलला. मग हळूच म्हणाली, 'अहो, मी सहाला निघते तेव्हा झोपलेली असते ती. पाच दिवस झाले तिच्या शाळेला, मला एकदाही टाटा करायला मिळाला नव्हता. तुम्हाला निदान खुर्ची तरी मिळाली.' त्या खुर्चीला किती शिव्या घातल्या होत्या मी! शेजारी आजोबा झोपले होते. आम्ही दोघं पुढे जात राहिलो, आणि पुढे जात राहिलो म्हणजे जातच राहिलो, कारण बस उलट्या दिशेला चालली होती आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही! थेट शेवटच्या स्टॉपवर! तिथे बस वीस मिनिटं उभी राहते, सुटायच्या वेळेआधी हलवता येत नाही, घरची बाई चालवत असली तरी नाही!

परत येऊन उतरलो तेव्हा बारा वाजून पस्तीस. धावलो. शर्ट बाहेर, एक चप्पल तुटली, हातात दोरा नाही, डोळ्यांत पाणी, ते घामाचं म्हणा हवं तर. शाळा रिकामी. पायरीवर आमची, मांडीवर दप्तर, शेजारी कमरेवर हात ठेवून मावशी. म्हटलं, संपलं. आज रडली असणार. पाच दिवस रडली नाही, आज माझ्यामुळे रडली असणार.

मावशी माझ्यावर कडाडल्या, 'अहो, बारा म्हणजे बारा! पहिल्याच आठवड्यात असं? वाट बघायची किती पोरीनं?'

आमची उठली. दप्तर माझ्या हातात दिलं. माझं बोट धरलं आणि मावशींना अगदी समजुतीनं म्हणाली, 'मावशी, ओरडू नका ना त्याला. तो नवीन आहे. शिकेल हळूहळू.'

मी मान खाली घातली आणि म्हटलं, 'हो मावशी.'