मोरोपंतांच्या गाडीची पेटी

मी, निकेश नाथा म्हात्रे, वय २२, धंदा गाड्यांची वायरिंग (सध्या), मूळ राहणार पेण तालुका, हल्ली मुक्काम रोहा, आज १८ ऑगस्ट १९९९ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून लिहून देतो की, हा जबाब मी सोमवारीच द्यायला हवा होता. निरोप पोचला होता. पण तेव्हा पेटी मेलेली होती आणि मेलेली पेटी घेऊन यायला धीर झाला नाही. हवालदार साहेबांचा अंगठा सुजल्यामुळे मीच लिहीत आहे.

तक्रारदार मोरोपंत जोगळेकर, निवृत्त शिक्षक, रोहा, यांची परदेशी गाडी आहे. जावयाने मस्कतहून पाठवलेली. ती चढावर आचके देते म्हणून मला बोलावले. गाडीच्या डॅशबोर्डखाली एक पत्र्याची पेटी असते, ती इंजिनाला पेट्रोल किती, ठिणगी कधी, ते सांगते. तिच्यात नवा प्रोग्रॅम भरायचा होता. पेणला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या नमिता मॅडमचा कॉम्प्युटर टेम्पोने मागवून गाडीशेजारी स्टुलावर मांडला. जुना प्रोग्रॅम आधी फ्लॉपीवर काढून ठेवला, ही एक अक्कल मला सुचली.

शनिवारी सकाळी ११.३२ ला भरणे सुरू केले. आठ मिनिटे लागतात. मी "कुणी हात लावू नका" म्हटले होते. परंतु नवे काम म्हणून मोरोपंतांच्या पत्नी मालतीबाई ताट घेऊन आल्या, बॉनेटवर स्वस्तिक काढले, नारळ फोडला. ११.३७ चा मुहूर्त होता. मोरोपंतांनी गाडीत बसून किल्ली फिरवली.

प्रोग्रॅम अर्धाच गेला. गाडीने हूं की चूं केले नाही.

मोरोपंत म्हणाले, "अरे गाढवा, काय केलंस?" मी म्हटले, "किल्ली तुम्ही फिरवलीत, काका." ते म्हणाले, "मुहूर्ताला फिरवायची नाही तर कधी?" मी स्क्रू काढले. पेटी काढून पिशवीत घातली, "उद्या आणतो" म्हटले. तक्रारीत म्हटल्याप्रमाणे चोरी केली नाही. सांगून नेली.

कॉम्प्युटर टेम्पोने गेला, मी एस.टी.ने. वाटेत नागोठण्याला उतरलो, कारण काही नव्हते. तिथे एका ट्रकचा हॉर्न नीट केला, ड्रायव्हरने कोलाडपर्यंत बसवले. कोलाड उलट दिशेला आहे हे मला ठाऊक होते. त्यात रविवार गेला.

सोमवारी पेणला पेटी उघडली. अशी अर्धवट भरलेली पेटी कॉम्प्युटरचे ऐकेनाशी होते. तिच्या आतल्या चिपचा एक ठरावीक पाय, म्हणजे पिन, वायरने पत्र्याला टेकवून मग करंट दिला, की ती पुन्हा ऐकायला लागते. पाय शेवईएवढे बारीक. शेजारच्याला वायर लागली तर पेटी कायमची जळणार. दोनदा वायर शेजारच्या पायाकडे सरकली. तिसऱ्यांदा मी हात लावला नाही.

मंगळवारी हमरापूरला माझ्या मावशीकडे, ठमाबाईकडे गेलो. ती तीस वर्षे गणपतीचे डोळे लिहिते. सीझन चालू, साठ मूर्ती आंधळ्या बसलेल्या. म्हणाली, "माझे इतके देव खोलंबलेत न् तुला पेटीचं परलंय?" मी म्हटले, "मावशे, पोलीस बोलावतायत." तिने ब्रश धुतला.

पेणच्या क्लासमध्ये ती चप्पल बाहेर काढून आली. नमिता मॅडमनी दाराला कडी लावली, कुणी नारळ घेऊन येऊ नये म्हणून. लाइटचा भरवसा नको म्हणून पेटीला ट्रकची बॅटरी जोडली. मावशीने पाय बघितला.

"यवढाच? बुबुल याहून बारीक असतंय."

"शेजारच्याला लागलं तर खलास, मावशे."

"मग तू गप रव. डोला लिवताना कुनी बोलत नाय."

तिने श्वास धरला, वायर टेकवली. मी करंट दिला. पडद्यावर पेटीचे उत्तर आले. जुना प्रोग्रॅम आठ मिनिटांत पुरा गेला. मावशी तोवर खुर्चीला हात न लावता उभी होती.

पेटी आज दहा वाजता इथे हजर केली. साहेब ती मुद्देमाल म्हणून सील करणार होते. मी हात जोडले, सील केली तर ती चालते हे कळणार कसे? तेव्हा इथेच बसलेले मोरोपंत पेटी घरी घेऊन गेले. ती बसवायची कशी, चार स्क्रू, एक प्लग, ते मी कागदावर काढून दिले. ठरले असे की गाडी सुरू झाली तर तक्रार मागे, नाही तर मी आत. त्याला आता पाऊण तास झाला. घर दहा मिनिटांवर आहे. मी जास्त काही लिहीत नाही.

हा मजकूर मी माझ्या अक्षरात लिहिला, साहेबांनी मोठ्याने वाचला, दोनदा हसले, आणि तो घडला तसाच आहे. सही करतो आहे तोच फाटकाशी हॉर्न वाजला. साहेब खिडकीशी गेले. गाडी आली आहे. चालवणाऱ्या मालतीबाई आहेत, एकट्या, आणि "मोरोपंत कुठेत?" विचारल्यावर म्हणाल्या, "मागून चालत येतायत. मला थांबवता येत नव्हती."