मी पुढच्या जिन्याने उतरणार

हॅलो?… हॅलो, कोण?… कोण सूनबाई? अगं, मला तर एकच मुलगी, सून कुठून आली?… हां, खालची सूनबाई! मालकीणबाईंची सून. मग तसं सांग ना.

हो, हो… बोल. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फोन करतेस, म्हणजे काम मोठंच असणार.

हो. तीस तारीख उलटून तेवीस दिवस झाले. मोजायला कशाला हवेत, कॅलेंडर समोरच आहे. भिंतीवर तेवढंच उरलंय, बाकी सगळं खोक्यात.

नाही, विसरले नाही. नोटीस मीच दिली. अक्षर माझं, सही माझी. 'तीस तारखेला दोन्ही खोल्या रिकाम्या करून देते.' तुझ्या नवऱ्याने ती दोनदा वाचली आणि काय गोड हसला! एक्केचाळीस वर्षांत तुमच्या घरातलं कोणी माझ्याकडे बघून तसं हसलं नव्हतं.

माझ्या जागी येणारे दातांचे डॉक्टर ना? माहीत आहेत की. रोज सकाळी येतात, अंगणात त्यांची ती मोठी खुर्ची ठेवलीय, तिच्यावरची ताडपत्री उचलून बघतात आणि मग वर माझ्या खिडकीकडे बघतात. मी हात करते. हसतेसुद्धा. एकोणीस दात अजून माझे स्वतःचे आहेत, दिसू देत की त्यांना.

काय?… मांजर व्याली? त्या खुर्चीत?… नाही गं, मी कशाला नेऊन सोडू! ती तिची गेली. मी फक्त ताडपत्रीचं एक टोक वर करून ठेवलं होतं.

अगं ऐक ना… ऐक. तुझ्यावर माझा राग नाही. तुझ्या नवऱ्यावरही फारसा नाही. वकिलाचं पत्र पाठवलं, ठीक. मागच्या जिन्यातला बल्ब काढून नेला, तेही ठीक. पण त्याला सांग, तो जिना मी डोळे मिटून उतरते. पडला कोण? तोच पडला, बल्ब काढताना. कोपर कसं आहे आता?… शेक दे म्हणावं.

मुलगी वाट बघतेय ना माझी. खिडकीपाशी पलंग टाकलाय माझ्यासाठी. रोज विचारते, 'आई, कधी?'… मलाही जायचंय गं. मला काय हौस आहे, खोक्यांच्या मध्ये झोपायची?

मग का?… खरंच तुला माहीत नाही? दोन वर्षं झाली त्या घरात येऊन, आणि कोणी सांगितलंच नाही?… बरं. कुठे आहेस, स्वयंपाकघरात? गॅस बंद कर आणि बस.

एकोणतीस तारखेला माझी सगळी खोकी बांधून झाली होती. शेवटचं कपबश्यांचं. त्याला दोरी बांधत होते आणि पुढचं दार हललं. माझ्या खोलीला दोन दारं आहेत, ठाऊक आहे ना? एक मागचं, त्या गोल लोखंडी जिन्याकडचं. दुसरं पुढचं, तुमच्या लाकडी जिन्याकडचं. त्याला कुलूप तुमच्या बाजूने. भाडेकरूंनी मागून ये-जा करायची, पहिल्या दिवसापासूनचा नियम. तर ते दार उघडलं आणि तुमचा सुतार आत! हातात मोजपट्टी. म्हणाला, 'आजी, डॉक्टरांची खुर्ची वर आणायचीय. मागच्या जिन्यावर वळत नाही. मालकीणबाईंनीच किल्ली दिली.'

हो. एवढंच झालं… नाही गं, खुर्चीने माझं काय वाकडं केलंय! पुढे ऐकशील की नाही?

आमचे हे चष्म्याच्या काचा घासायचे. तुझ्या सासऱ्यांचा चष्मासुद्धा यांनीच बनवलेला. सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून उठले आणि छातीवर हात ठेवून खालीच बसले. ॲम्ब्युलन्स आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन मागून वर चढली. गोल जिन्यावर स्ट्रेचर वळेना. म्हणाली, पुढचं दार उघडा. त्या दाराला आम्ही कपाट लावलेलं. मी ओढलं… एकटीने ओढलं, ती कळ अजून आहे पाठीत… आणि दार बडवलं. तुझ्या सासूबाई पलीकडे आल्या. मला त्यांची चाहूल कळत होती, इतक्या जवळ होत्या. दार उघडलं नाही. तिकडूनच म्हणाल्या, 'जिन्याला आज पॉलिश केलंय. ओलं आहे. उद्यापर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही.'

उठू नकोस, बस. पुढे ऐक.

मग काय करणार! स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली. चादर फाडली, ह्यांना खुर्चीला बांधलं आणि मागून उतरवलं. दोनदा अडकली खुर्ची. दुसऱ्या वळणावर मला विचारतात, 'खोली सोडतोय का गं आपण?' ओठ निळे पडलेले, आणि माणूस थट्टा करतोय! खाली यायला वीस मिनिटं लागली. दवाखान्याच्या दारातच गेले. डॉक्टर म्हणाले, 'थोडं आधी आणलं असतं तर…' आणि वाक्य तिथेच सोडून आत गेले. ते वाक्य सव्वीस वर्षं मी पुरं करतेय.

रडू नकोस. मी रडतेय का?

तर ज्या जिन्यावर माझ्या माणसाला जागा नव्हती, तिथून आता दात काढायची खुर्ची वर येणार. आणि तिच्यामागून सगळ्या गावाचे दुखरे दात. मी सुताराला पाणी दिलं. तो गेल्यावर कपबश्यांचं खोकं सोडलं आणि एक कप चहा केला.

काय हवंय?… माफी? छे! माफी मागायला काय, दोन शब्द टाकले की झालं. मला पुढच्या जिन्याने उतरायचंय. खुर्चीत बसून… असू देत पाय ठणठणीत! चार माणसं मला उचलतील, मी मध्ये बसेन. आणि तुझ्या सासूबाईंनी खाली, रस्त्याकडचं दार उघडून, ते धरून उभं राहायचं.

तू हो म्हणतेस गं. तुझ्या होकाराचं मी काय करू? त्यांना दे फोन… झोपल्यात? मग मघापासून काठी कोण आपटतंय तुझ्या मागे? फोन स्पीकरवर आहे ना? दे.

मालकीणबाई?… सगळं ऐकलंत ना? बरं झालं, पुन्हा सांगायला नको.

काय?… मोठ्याने बोला.

ओलं नव्हतं?

पॉलिश आदल्या आठवड्यातच झालं होतं?… मग?

हं… किल्ली मालकांच्या उशाखाली. आणि ते झोपलेले… हो, त्यांची झोप मोडली की काय व्हायचं ते ठाऊक आहे मला. आवाज वरपर्यंत यायचा. भांडी आपटल्याचाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यावरून पदर ओढून हिंडायचात, तेही बघितलंय मी.

म्हणजे तुम्ही घाबरलात… पॉलिशचं जे तोंडाला आलं ते सांगितलंत.

थांबा. जरा मला बोलू द्या. मुलगी तेव्हाच न्यायला आली होती मला. गेले नाही. तुमच्यासाठी राहिले. रोज सकाळी तुम्ही अंगणात आलात की मी खिडकीत उभी. तुम्ही आत जाईपर्यंत नजर काढायची नाही, हा माझा नेम. सव्वीस वर्षं एका दुष्ट बाईवर डूख धरला, आणि आज तुम्ही सांगता की दाराआड एक घाबरट बाई उभी होती?

नाही. नाही, हे मला चालणार नाही. दुष्ट असतात तर बरं झालं असतं. मी आता काय करू एवढ्या रागाचं? कुठल्या खोक्यात भरू?

कळतंय. ऐकू येतंय मला, बोलू नका जरा…

एक सांगा. मालकांना जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं किल्ली तुमच्याच कमरेला आहे. रोज मी तुम्हाला खिडकीत दिसते. एकदा वर येऊन हे सांगायला काय झालं होतं? आता कोणाला घाबरत होतात?

…मला?

हं. मग बरोबर घाबरलात.

तर उद्या. सकाळी दहा वाजता. दार तुम्हीच उघडायचं, सुनेने नाही… गुडघे? माहीत आहेत मला तुमचे गुडघे. स्टूल मिळणार नाही. उभ्याने. पहिल्या पायरीपासून मी शेवटची उतरेपर्यंत माझ्याकडे बघायचं. मान खाली घालायची नाही, रस्त्याकडे वळायचं नाही.

रडा ना. मी कुठे नको म्हणतेय? पण बघत बघत रडा.

ठेवते.