पाण्याचं पथ्य

औषधाच्या दुकानातल्या रांगेत माझ्या पुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

"भाऊजींना कुत्रा चावला होता ना गं? इंजेक्शनं घेतली?"

"छे! वैदूने मुळी उगाळून पाजली. चाळीस दिवस पाण्यात तोंड बघायचं नाही, एवढंच पथ्य."

"आणि पाळलं त्यांनी?"

"जन्मात साखरेचं पथ्य पाळलं नाही गं यांनी, पण हे बघ! पेला समोर नेला तरी किंचाळतात. मोरीत नळ सोडला की खोलीत थरथरतात. कालपासून घोटभर पाणी नाही, घसा आवळलाय. त्याचंच औषध न्यायला आले."

"चाळीस दिवस कधी संपतात?"

"ते सोमवारीच संपले. परवापासून उलट जास्तच पाळतायत."