शेवाळी कोट

नाही हो दादा, हे गोधडीबरोबर बांधू नका, हे वेगळं आहे – गोधडी तुमच्या गाडीतून पलीकडच्या मुलांच्या शहरातल्या सभागृहात जायची, आणि हे एका मुलीच्या हातात. काय? यादीत नाही? नसेलच. यादी गोधडीचं काम मांडणाऱ्या चित्रकार बाईंनी केलीय आणि बाईंना याचा पत्ताच नाही. जुनं कापड आहे, शिवणवालीकडे दुसरं काय असणार! टेका जरा, गाठ मारते तोवर.

गोधडी कशी झाली ते ठाऊक असेलच तुम्हाला – तिकडची चौदा मुलं, इकडची चौदा. लढाई थांबून अकरा वर्षं झाली, म्हणजे ही पोरं तेव्हा पहिली-दुसरीत. प्रत्येकानं घरातल्या जुन्या कपड्याचा तुकडा द्यायचा, त्यावर काहीतरी भरायचं, आणि सगळे जोडायचे माझ्या मशीनवर. तिकडचे तुकडे आधी टपालानं आले. मी एकेक टेबलावर मांडत होते – तर एकावर कोटाचा पट्टा शिवलेला. शेवाळी लोकर, कडेनं तांबड्या दोऱ्याची हातशिलाई. तो हातात घेतला आणि मागे वळून बघितलं. कारण त्याच लोकरीचा कोट माझ्या पाठीमागे खुंटीला होता. काजांना तोच तांबडा दोरा. अकरा हिवाळे घातला मी तो. पट्टा ओवायचे फासे होते, पट्टा नव्हता. मीच काळ्या कापडाचा शिवून घेतलेला. आमच्या ह्यांनी आणला होता, लढाईवरून परतले तेव्हा. म्हणाले, तिकडच्या बाजारात मिळाला. मी विश्वास ठेवला – नवरा जिवंत परत आलाय, त्याची काय उलटतपासणी घ्यायची?

मग गेल्या महिन्यात ती मुलं दहा दिवस इथं आली. पट्टावाली मुलगी अंगानं एवढीशी, बडबडी – आमच्या पोरांनी तिचं नाव चिमणीच पाडलं – आणि बसायची नेमकी माझ्याशेजारी. मध्ये दुभाषी. म्हणाली, “कोट आईनं स्वतः शिवला होता, मावशी. सैनिक आले, त्यांनी नेला. पट्टा खुर्चीवर राहिला. त्यांतला एक चांगला होता, त्यानं कोट नीट घडी घालून काखेत धरला.” घडी! आमचे हे रुमालाचेसुद्धा चारी कोपरे जुळवतात हो. मी विचारलं – का विचारलं कोण जाणे – “आणि आई?” तर म्हणाली, “दुसऱ्या दिवशी आम्ही चालत निघालो. बर्फ होता. आईला न्यूमोनिया झाला.” एवढंच, आणि सुईत दोरा ओवायला लागली. वर मलाच विचारते, “इकडे कुणाकडे असेल का हो तो?” मी काय बोलले माहितीय? म्हटलं, “असे कितीतरी कोट असतात गं.” आणि कोट तेव्हा माझ्या पायाशी, मशीनखाली, पिशवीत कोंबलेला. दहा दिवस तिथंच. जाताना तिनं मला मिठी मारली, तेव्हाही तिथंच.

परवा ह्यांनी विचारलं, “कोट दिसत नाही तुझा?” म्हटलं, कसर लागली. मग हे दोरीवरचे कपडे काढून आणून घड्या घालत बसले. माणूस वाईट नाही हो, दादा. म्हणजे – असं मी म्हणते.

चिठ्ठी? नाही घातली. काय लिहू? मला ठाऊक नव्हतं, असं लिहू? ते खोटंच की – म्हणजे, ह्यांनी कोट आणला त्या पहिल्याच दिवशी मी खिशात हात घातला, तर आत लहान मुलाचा हातमोजा. एकच. लाल. माझी दोन बोटं कशीबशी जातील एवढा. बाजारातल्या कोटात असतं का असं काही? मी तो शेगडीत टाकला, आणि कोट अंगात चढवून आरशासमोर उभी राहिले. छान बसला होता हो. अगदी मापाचा.

हे सगळं तिला सांगू नका. नाही – विचारलं तर सांगा. कोट कुणी दिला म्हणाली, तर शिवणवाल्या मावशीनं म्हणा. असं काय बघता माझ्याकडे? धरा ते. निघा. निघा म्हणते ना!